शहाणी अवज्ञा

'आज्ञाधारक' हा आम्हां मास्तरलोकांचा मोठा लाडका शब्द. प्रगतिपुस्तकात शेरा म्हणून तो लिहिला की पालक खूश आणि आपण मोकळे. पण अंध माणसांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांविषयी वाचू लागल्यापासून हा शब्द लिहिताना माझे पेन अंमळ थबकते. या कुत्र्यांच्या शिक्षणातला सर्वांत वरचा धडा आज्ञा मोडण्याचा असतो!

आपली समजूत अशी, की कुत्रा धन्याला हवे तिथे नेऊन पोचवतो. पण पोस्ट कुठे, बाजार कुठे, कितवे वळण घ्यायचे, हा नकाशा माणसाच्याच डोक्यात असतो. सिग्नलचा रंग कुत्र्याला उमगत नाही. मोटारींचा कानोसा घेऊन 'चल' म्हणायचे ते माणसाने. कुत्र्याने खड्डा चुकवायचा, पायरीपाशी थांबायचे, आणि ज्या फांदीखालून आपण सहज जाऊ तिथे धन्याचे कपाळ आपटेल, हेही ओळखायचे. मात्र 'चल' म्हटल्यावर मोटार अंगावर येताना दिसली, तर जागचे हलायचे नाही.

१९२८ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावचा मॉरिस फ्रँक हा विशीतला अंध तरुण हा धडा घ्यायला स्वित्झर्लंडला गेला. डोरथी युस्टिस या बाईंच्या केंद्रात त्याला एक जर्मन शेफर्ड कुत्री मिळाली. तिचे नाव त्याने 'बडी' ठेवले. परतल्यावर तिच्या भरवशावर त्याने न्यूयॉर्कमधला भर रहदारीचा रस्ता ओलांडून दाखवला, आणि १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली.

मला अधिक चटका लावते ती पुढची हकिकत. १९३८ साली बडी गेली. फ्रँकने दुसरा कुत्रा घेतला, त्याचेही नाव बडी. त्यानंतरच्या साऱ्यांचेही तेच. नाव पुन्हा ठेवता येते, पण चाल कुठून आणायची? कुत्र्याच्या पाठीवरच्या हार्नेसची मूठ डाव्या हातात धरली, की हाताला लगेच कळते, हा तो नव्हे. म्हणून अशा शाळांतून कुत्रा देण्याआधी शिक्षक स्वतःच हार्नेसचे पुढले टोक धरून कुत्र्याच्या जागी चालतो आणि शिकणारा त्याला हुकूम सोडतो. या माणसाला किती वेग, किती ओढ मानवेल, ते त्यावरून ताडायचे आणि मग जोडी जमवायची.

तरीही परीक्षा पुढेच असते. एके दिवशी नवा कुत्रा वाटेत अडून उभा राहतो. 'चल' म्हटले तरी हलत नाही. जुना असता तर धन्याने निमूट मानले असते. त्या दोघांमध्ये कित्येक वर्षांचा विश्वास होता. याचा मात्र अजून लळाही लागलेला नाही. हा हट्ट म्हणावा की इशारा? दामटून पुढे जावे, तर कदाचित तेच शेवटचे पाऊल. आणि आज त्याच्यावर रागावले, तर उद्या तो अडवायचाच नाही! धनी हलकेच पाय पुढे करून चाचपतो. पायाखाली जमीन लागत नाही. तो वाकून कुत्र्याची पाठ थोपटतो. माझ्या मते त्यांचे खरे नाते त्या घडीला सुरू होते.

जूनमध्ये माझ्यापुढे नवा वर्ग येतो. गेल्या वर्षीची ओळखीची तोंडे वरच्या इयत्तेत गेलेली असतात. अशात एखादे अनोळखी पोर उभे राहून म्हणते, "सर, हे असं नाही." हल्ली मी लगेच 'खाली बस' म्हणत नाही. आधी पाय पुढे करून चाचपून पाहतो.