तिसरा रकाना

बोट क्लब रस्त्यावरील मॅक्सम्युलर भवनात आणि नंतर फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी जर्मन शिकले ती गटे आणि रिल्के यांच्यासाठी. पुढे हीच भाषा, पाण्याचे विद्युत् अपघटन करणाऱ्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा इंग्रजी तर्जुमा करण्यापुरती उरून माझ्या चरितार्थाचे साधन होईल, असे भाकीत त्या काळी कोणी केले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते. परंतु २०२० च्या जून महिन्यात जर्मन सरकारने आपले राष्ट्रीय हायड्रोजन धोरण जाहीर केले, २०३० पर्यंत पाच गिगावॉट क्षमतेची अपघटन यंत्रे उभारण्याचा संकल्प सोडला, आणि त्या संकल्पामागोमाग निविदा, करारनामे, सुरक्षा-नियम व पुस्तिका यांचा जो पूर लोटला, त्याचा एक लहानसा ओघळ पुण्यातील एका भाषांतर-संस्थेमार्फत माझ्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला.

पहिल्याच कामात, सुट्या भागांच्या यादीत एक नोंद होती: ‘डिख्टुंग, ४८ नग’. ज्या शब्दाने मला कविता भेटली, जो शब्द गटेने आपल्या आत्मचरित्राच्या नावात सत्याच्या शेजारी बसविला, तो नगांच्या हिशेबाने खोक्यात भरलेला पाहून मला प्रथम हसू आले आणि मग थोडे वाईटही वाटले. खुलासा कोशात होताच. रूप एक असले तरी कुळे दोन आहेत: कवितेची डिख्टुंग लॅटिनमधील ‘सांगून लिहविणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून आली, आणि यंत्रातली डिख्टुंग ‘डिख्ट’ म्हणजे घट्ट या विशेषणापासून, ती आपल्या नळातल्या वायसराची मोठी, शिकलेली बहीण. मी इंग्रजी रकान्यात ‘सील’ असे लिहिले आणि पुढे गेले. तेव्हा माझा परिभाषाकोश दोनच रकान्यांचा होता, डावीकडे जर्मन आणि उजवीकडे इंग्रजी. आणि प्रत्येक शब्दाला समोरच्या घरात एक जोडीदार असतोच, ही माझी श्रद्धा अजून अभंग होती.

त्या श्रद्धेला खतपाणी मिळण्याचे कारण असे की, जर्मन शास्त्रीय परिभाषा दिसायला अत्यंत प्रांजळ आहे. कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये वर्णिलेल्या ‘ज्वालाग्राही हवे’ला फ्रेंच रसायनज्ञांनी १७८७ मध्ये ग्रीक शब्दांवरून ‘जलजनक’ अशा अर्थाचे हायड्रोजन हे नाव दिले, आणि इंग्रजांनी ते जसेच्या तसे उचलले. जर्मनांनी मात्र आपल्याच घरातले पाणी आणि आपल्याच घरातले द्रव्य एकत्र करून ‘वासरश्टॉफ’ हा शब्द घडविला. त्याच न्यायाने नायट्रोजन हा ‘श्टिकश्टॉफ’, म्हणजे गुदमरविणारे द्रव्य, आणि ऑक्सिजन हा ‘झाउअरश्टॉफ’, म्हणजे आंबट द्रव्य. कारण सर्व आम्लांचे मूळ ऑक्सिजनच होय, अशी लाव्हाझियेची समजूत होती. १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने ऑक्सिजनविरहित आम्ल दाखवून ती समजूत खोटी ठरविली, तरी नाव आंबटच राहिले. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतील उद्जन आणि प्राणवायू यांची आठवण येथे होणे साहजिक आहे. प्राणवायूचे नाव श्वासावरून घेतलेले असल्यामुळे डेव्हीला त्याचे काही बिघडविता आले नाही, एवढे आपले भाग्य. असल्या पारदर्शक शब्दांच्या सहवासात माणूस गाफील होतो. जो शब्द आपला अर्थ आपणच सांगतो, त्याचा दाखला दुसरीकडे मागावा, असे मनात येत नाही.

माझी फजिती झाली ती ‘ब्रेनवेर्ट’ आणि ‘हाइट्सवेर्ट’ या दोन शब्दांपायी. एकाचा शब्दशः अर्थ ज्वलनमूल्य, दुसऱ्याचा तापनमूल्य. दोन्ही इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेचीच मापे. माझ्याजवळच्या एका जाडजूड कोशाने दोहोंसमोर इंग्रजीतला एकच शब्द दिला होता, आणि मीही अपघटन यंत्राच्या पुस्तिकेत दोन्ही ठिकाणी ‘हीटिंग व्हॅल्यू’ असे लिहून मोकळी झाले. तीन आठवड्यांनी, ती इंग्रजी पुस्तिका वाचणाऱ्या एका अभियंत्याचे पत्र संस्थेमार्फत माझ्याकडे आले. पत्र विनयशील होते, म्हणूनच अधिक झोंबले. एका किलोग्रॅम हायड्रोजनासाठी ५३ किलोवॉट-तास वीज घेणाऱ्या या यंत्राची कार्यक्षमता अकराव्या पानावर ७४ टक्के व चाळिसाव्या पानावर ६३ टक्के दिली असून, दोन्ही ठिकाणी हिशेबाचा आधार एकच सांगितला आहे. तरी मधल्या पानांत यंत्राला काय झाले, याचा खुलासा व्हावा, अशी त्यात विनंती होती.

यंत्राला काहीच झाले नव्हते. हायड्रोजन जळला की त्याचे पाणी होते, परंतु ते होते वाफेच्या रूपाने, आणि त्या वाफेत उष्णता दडून राहते. वाफेचे पुन्हा पाणी झाले, तरच ती हाती लागते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण बेसावधपणे उचलताना बोटाला जो चटका बसतो, तो मुख्यतः या दडलेल्या उष्णतेचा. ही उष्णता जमेस धरून केलेला हिशेब म्हणजे ब्रेनवेर्ट, एका किलोग्रॅम हायड्रोजनास ३९.४ किलोवॉट-तास, ती वाफेबरोबर धुराड्यातून गेली असे समजून सोडून दिली की उरतो तो हाइट्सवेर्ट, ३३.३. आपल्या जमाखर्चाच्या भाषेत एक ढोबळ आणि दुसरा निव्वळ. नैसर्गिक वायूच्या बाबतीत हे अंतर दहा-अकरा टक्क्यांचे असते. हायड्रोजन जळून पाण्यावाचून दुसरे काही होतच नसल्यामुळे, त्याच्या बाबतीत ते अठरा टक्क्यांवर जाते. जर्मन घरांतील नव्या धर्तीच्या बॉयलरांची कार्यक्षमता १०० टक्क्यांहून अधिक छापलेली आढळते, तीमागे लबाडी नसून हेच रहस्य आहे: बॉयलर वाफेतली उष्णता वसूल करतो, आणि भागाकार मात्र निव्वळ आकड्याने केलेला असतो.

दुरुस्तीचा मसुदा मी त्याच रात्री पाठविला. ब्रेनवेर्टसमोर ‘हायर’ आणि हाइट्सवेर्टसमोर ‘लोअर’, एवढी दोन विशेषणे काय ती वाढली. परंतु करारातील हमीच्या कलमात दंडाची आकारणी याच टक्केवारीवरून व्हावयाची होती, हे मला नंतर कळले, आणि त्या रात्रीची झोप पूर्वलक्षी प्रभावाने उडाली. कवितेच्या भाषांतरात चूक झाली, तर रसिक नाक मुरडतो आणि कवी, तो हयात नसेल तर, काही बोलत नाही. येथे माझ्या शब्दावर विसंबून कोणीतरी भागाकार करणार होता.

त्यानंतर प्रत्येक सरळ दिसणाऱ्या शब्दाकडे मी संशयाने पाहू लागले, आणि संशय फळास आला. ‘नॉर्मकुबिकमेटर’ हे वायू मोजण्याचे जर्मन माप उजव्या रकान्यात ‘स्टँडर्ड क्युबिक मीटर’ म्हणून अलगद बसते, कारण नॉर्म म्हणजे स्टँडर्ड, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. परंतु जर्मन मानकाप्रमाणे हा घनमीटर शून्य अंश सेल्सिअसला मोजलेला असतो, आणि इंग्रजीत ‘स्टँडर्ड’ म्हणताच वायूच्या व्यापारातील माणूस पुष्कळदा १५ अंश धरून चालतो. दाब तोच ठेवला तर तेवढाच हायड्रोजन १५ अंशांना साडेपाच टक्के अधिक जागा व्यापतो. म्हणजे माझ्या एका निष्पाप शब्दाने शंभर घनमीटरांच्या मागे साडेपाच घनमीटरांचा वाद हवेतून निर्माण झाला असता. योग्य शब्द ‘नॉर्मल क्युबिक मीटर’, आणि तोही तपमान व दाब सोबत दिल्यावाचून मी आता हातावेगळा करीत नाही. शेर, पायली आणि बिघा ही मापे मुलखागणिक बदलत, त्या काळी शहाणा माणूस ‘पायली कुठली?’ असे विचारल्याशिवाय सौदा करीत नसे. ती खबरदारी आपण मेट्रिक पद्धतीबरोबर विसरलो, एवढेच.

२०२३ च्या शरद ऋतूत एका कामाच्या निमित्ताने ऱ्हाईन-रूरच्या त्या औद्योगिक मुलखात जाण्याचा योग आला, जेथे हायड्रोजनाची वाहिनी १९३८ पासून जमिनीखालून वाहते आहे. एका कारखान्याच्या दालनात, ज्या यंत्रावर मी शेकडो पाने लिहिली होती ते मी प्रथमच डोळ्यांनी पाहिले: पत्र्यांच्या जाड पुस्तकासारख्या एकाला एक लागून आवळलेल्या चकत्या, आणि त्यांतून निघालेल्या चकचकीत नळ्या. तेथील वयस्क माइस्टर, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री म्हणावेत असे गृहस्थ, मला यंत्र दाखवीत होते. मी त्यांना माझी अडचण सांगितली. नियमांत ‘टेखनिश डिख्ट’ आणि ‘आउफ डाउअर टेखनिश डिख्ट’ असे दोन शब्दप्रयोग येतात, तंत्रदृष्ट्या घट्ट आणि कायम तंत्रदृष्ट्या घट्ट. माझ्या इंग्रजी संपादकाला दोन्ही अवजड वाटतात आणि त्याच्या मते सरळ ‘लीकप्रूफ’ म्हणावे.

माइस्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कमरेची बाटली काढली, एका जोडावर साबणाच्या पाण्यासारखे काहीतरी फवारले, आणि खाली वाकून बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मीही पाहत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. मग फडक्याने जोड पुसत ते म्हणाले, “बाई, हे गळत नाही, असं लिहू नका. शोधली तेव्हा मला गळती सापडली नाही, एवढंच लिहा.” पहिल्या शब्दप्रयोगाचा अर्थ तोच आणि तेवढाच होता: योग्य साधनाने तपासता गळती आढळली नाही, क्वचित होणारच नाही असे मात्र नाही, म्हणून त्या जोडाच्या आसपास स्फोटाचा धोका गृहीत धरून विजेची उपकरणे निवडावी लागतात. दुसऱ्याचा अर्थ, जोडाची रचनाच अशी, किंवा देखभाल इतकी नियमित, की गळती अपेक्षितच नाही. ‘लीकप्रूफ’ या सुटसुटीत शब्दाने दोहोंमधील ही भिंत पाडली असती, आणि हायड्रोजनाचा रेणू सर्व रेणूंत लहान असल्याने, भिंत नसेल तेथून तो प्रथम जातो. निघताना माइस्टरांनी खोक्यातून एक काळे रबरी कडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. अठ्ठेचाळिसांतील एक नग मला असा प्रत्यक्ष भेटला.

परत आल्यावर मी कोशाला तिसरा रकाना जोडला. त्यात प्रत्येक शब्दाचे तपमान, दाब, मोजण्याची रीत, आणि तो शब्द चुकल्यास काय बिघडेल, याची नोंद असते. आणि हा रकाना, न ठरविताच, मराठीत लिहिला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीतील नियामक संस्थेने ९,०४० किलोमीटरांच्या हायड्रोजन वाहिन्यांच्या मुख्य जाळ्यास मंजुरी दिली, त्यातील सुमारे ६० टक्के वाहिन्या नैसर्गिक वायूच्याच, नव्या कामास लावलेल्या. या क्रियेला जर्मनमध्ये ‘उमविडमुंग’ म्हणतात. ‘विडमुंग’ म्हणजे अर्पण, कवितासंग्रहाच्या पहिल्या पानावर असते तेही, आणि एखादा रस्ता सरकार सार्वजनिक वापरास लावून देते तेही. इंग्रजीत मी ‘रीपर्पझिंग’ लिहिले, आणि ते बरोबरच आहे. पण नळ तोच राहून त्याचे प्रयोजन तेवढे कागदोपत्री बदलते, ही त्या शब्दातील खूण मला पटली ती तिसऱ्या रकान्यात ‘जमीन वर्ग करावी तशी वाहिनी वर्ग करणे’ असे लिहिल्यावर. जर्मनमधून इंग्रजीत जाणारा माझा रस्ता वाटेत तलाठ्याच्या दफ्तरावरून जातो, हे माझ्या संपादकाला ठाऊक नाही, आणि सांगण्याचे कारणही पडलेले नाही.

अजून शनिवारी दोन-तीन विद्यार्थिनी माझ्याकडे जर्मन वाचायला येतात. परवा त्यांतील एकीने, वहीवर पेन्सिल टेकवून, विचारले, “मॅडम, डिख्टुंग म्हणजे काय?” तिच्यासमोर रिल्के उघडलेला होता, आणि मला तो दिसतही होता, तरी तोंडून निघून गेले, “आधी सांग, गळतंय कुठे?”