दमवणारा प्रवास, दमलेला प्रवासी

इंग्रजी व्याकरण शिकवणाऱ्याला मराठी विद्यार्थ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : 'आय अ‍ॅम बोअरिंग.' विद्यार्थ्याला सांगायचं असतं, मला कंटाळा आलाय. सांगून बसतो, मी कंटाळवाणा आहे. हा निष्काळजीपणा आहे असं मला मुळीच वाटत नाही. दोन भाषांची घडणच इथे वेगळी आहे आणि 'प्रेझेंट पार्टिसिपल', 'पास्ट पार्टिसिपल' ही काळाची नावं ते झाकून टाकतात. बोअरिंग आणि बोअर्ड यांत काळाचा फरक कुठे आहे? ज्या क्षणी तास बोअरिंग असतो, त्याच क्षणी वर्ग बोअर्ड असतो. भेद आहे कर्तरी-कर्मणीचा.

मराठीत कंटाळणं, घाबरणं, दमणं, दचकणं ही क्रियापदं अकर्मक. ज्याला ते होतं, तोच कर्ता. इंग्रजीत बोअर, फ्रायटन, सरप्राइज यांचा कर्ता म्हणजे कारण, आणि माणूस हा कर्म. त्यामुळे आपला 'घाबरलेला' कर्तरी, तर त्यांचा 'फ्रायटन्ड' कर्मणी. म्हणून मी वर्गात काळाचं नावच काढत नाही, सरळ प्रयोजकाकडे वळतो. दमवणारा प्रवास, दमलेला प्रवासी. घाबरवणारा आवाज, घाबरलेलं मूल. '-वणारा' बसला की तिथे '-इंग'. एवढं सांगितलं की पोरं आपणहून उदाहरणं देऊ लागतात.

अकर्मक क्रियापदांत मात्र काळ खरोखरच परत येतो. 'फॉलिंग लीफ' म्हणजे पडत असलेलं पान, 'फॉलन लीफ' म्हणजे पडलेलं. दोन्हींत पडणारं पानच, म्हणजे दोन्ही कर्तरी. पण इंग्रजी ही सवलत सरसकट देत नाही. 'एस्केप्ड प्रिझनर' चालतो, 'रिटायर्ड ऑफिसर' चालतो. 'लाफ्ड चाइल्ड' चालत नाही. हसून मूल होतं तसंच राहतं. निसटल्यावर कैदी कैदेत राहत नाही. कर्त्याची अवस्था किंवा जागा बदलली, तर बहुधा हे रूप नामाआधी येऊ शकतं. मराठीला असलं बंधन नाही, 'रडलेलं मूल' आपण सहज म्हणतो.

संस्कृत शिकलेल्यांना इथे पाणिनी आठवेल. 'क्त' प्रत्यय मुळात कर्मणी आणि भावे. पण गत्यर्थक, अकर्मक आणि आणखी काही धातूंना तो कर्तरीही लागतो, असं अष्टाध्यायीतलं 3.4.72 हे सूत्र सांगतं. कृत, म्हणजे केलेलं, हे कर्मणी. गत, म्हणजे गेलेला, हे कर्तरी. इंग्रजीच्या 'डन' आणि 'गॉन' या जोडीला हेच सूत्र लागू पडतं. 'पास्ट पार्टिसिपल' या नावापेक्षा मला ते कितीतरी नेमकं वाटतं.

उरतात ती हट्टी रूपं. 'लर्नेड' म्हणजे विद्वान. सकर्मक क्रियापदाचं रूप, तरी वरकरणी कर्तरी. पण पूर्वी इंग्रजीत 'लर्न' शिकवण्यासाठीही वापरत, त्यामुळे लर्नेड म्हणजे मुळात शिकवलेला, कर्मणीच. 'ड्रंक'ला अशी पळवाट नाही. पिणं सकर्मक, तरी ड्रंक असतो तो पिणारा, दारू नव्हे. मराठीतही 'प्यायलेला' म्हटल्यावर कुणी ग्लासकडे बघत नाही. पतंजलीलाही महाभाष्यात पाणी प्यालेल्या गाईंचं उदाहरण घेऊन अशाच संस्कृत रूपाचा उलगडा करावा लागला होता.