बियाण्याची कणगी

आमच्या हातून कित्येकदा घाईने बोलणे होते आणि मागाहून त्याचा विचार करीत बसावे लागते. असाच एक प्रसंग येथे सांगावयाचा आहे.

आमच्या बेळगावातील एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांच्या नऊ वर्षांच्या मुलास रक्ताचा कर्करोग जडला. उपचार मुंबईस व्हावयाचे होते. औषधे, प्रवास, मुक्काम आणि बापाची बुडालेली मजुरी ध्यानी घेऊन आम्ही चर्चच्या दाराशी एक डबा ठेविला. कोणी दहा रुपये टाकले, कोणी पाचशे. मुलाने चौदा महिने झुंज दिली आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो गेला.

महिन्याभराने त्याचे वडील आमच्याकडे आले. रुमालात बांधलेले एकवीस हजार रुपये त्यांनी टेबलावर ठेविले व म्हणाले, "फादर, हे उरलेत. या रोगावर संशोधन करणारे जे कोणी असतील, त्यांना पाठवून द्या."

आम्ही तत्काळ नकार दिला. त्यांच्याच गल्लीत एक विधवा वृद्धा स्तनाच्या कर्करोगाने अंथरुणास खिळली होती. "समोर माणूस तळमळत असता पैसा प्रयोगशाळेत कशास धाडावयाचा?" आम्ही विचारले. "संशोधनाची चिंता सरकार वाहील." ते गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, "फादर, आम्ही शेतकऱ्याच्या घरचे. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला आमच्या आजोबांनी हात लावू दिला नाही." एवढे बोलून, पैसे तेथेच ठेवून ते गेले.

मुलाच्या औषधांच्या चिठ्ठ्या हिशेबाकरिता आमच्याजवळच होत्या. त्यांत मेथोट्रेक्सेट हे नाव पुनःपुन्हा येई. हे औषध आले कोठून, याचा शोध आम्ही घेऊ लागलो, तो वाट थेट मुंबईच्या गिरणगावात पोहोचली. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण 1928 साली हिंदुस्थानात आल्या आणि मुंबईच्या गिरणीकामगार गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या तीव्र पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास आरंभिला. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. आंध्रातील भीमावरम येथे 1895 साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत एका औषध कंपनीचे संशोधनप्रमुख होते. त्यांच्या रसायनतज्ज्ञांनी हे आम्ल, आणि पुढे त्याचे कार्य रोखणारी द्रव्येही, प्रयोगशाळेत घडविली. बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्यांतील एक द्रव्य रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या 16 मुलांना दिले. 10 मुलांना काही काळ उतार पडला. हे 1948 साल. मेथोट्रेक्सेट हे त्याच द्रव्याचे भावंड.

त्याच वर्षी मे महिन्यात फार्बर यांच्या एका लहान रुग्णाचा आवाज अमेरिकन रेडिओवर ऐकविला गेला. त्याला टेलिव्हिजन संच मिळावा म्हणून 20 हजार डॉलर जमविण्याचा संकल्प होता. सामान्य लोकांनी दोन लाखांहून अधिक डॉलर पाठविले. त्या पैशातून बालरुग्णांसाठी संशोधनाचे काम उभे राहिले.

हे वाचून आम्ही ओशाळलो. ज्या गोळ्या आम्ही डब्यातील पैशांनी विकत घेतल्या, त्या कधीकाळी निव्वळ संशोधनच होत्या. समोरचा रोगी आणि प्रयोगशाळा हे परस्परांचे वैरी नव्हेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पंडुरोग पाहणारी डॉक्टरीण, रसायनतज्ज्ञ आणि मुलांचे विकृतिशास्त्रज्ञ ही माणसे निरनिराळ्या ठिकाणी काम करणारी होती. त्यांचे काम एकमेकांस जाऊन मिळावयास 17 वर्षे लागली. आज विद्यापीठांतील निरनिराळ्या शाखांच्या मंडळींना आरंभीच एकत्र बसविण्याकरिता जे बीजभांडवल देतात, त्याचे मर्म हेच. पुरावा हाती नसताना दिलेला हा पैसा असतो.

मुंबईतच याचे उदाहरण आहे. पवईच्या आय. आय. टी.तील जैवअभियंते व टाटा मेमोरियलचे डॉक्टर एकत्र आले. रोग्याच्याच रक्तातील टी-पेशी काढावयाच्या, त्यांत नवे जनुक घालून कर्कपेशी ओळखावयास त्यांना शिकवावयाचे, त्यांची संख्या वाढवून त्या परत शरीरात सोडावयाच्या, असा हा उपचार. पेशी घडविण्याचे ज्ञान एकाकडे, रोग्याचे ज्ञान दुसऱ्याकडे. विद्यापीठीय संशोधनासाठी असलेल्या सरकारी 'पेस' योजनेचे साहाय्य त्यांना लाभले. मग रुग्णांवरील चाचण्यांसाठी 19.15 कोटी रुपये मंजूर झाले. 4 जून 2021 रोजी पहिल्या रुग्णास हा उपचार मिळाला, ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी आली. परदेशातील किमतीच्या सुमारे एक दशांशात तो येथे होऊ लागला. तथापि तो रक्ताच्या काहीच कर्करोगांवर चालतो, सर्वांनाच गुण येत नाही, आणि ती परवानगी 15 वर्षे व त्यावरील रुग्णांपुरती होती. आमच्या मुलास तिचा उपयोग झाला नसता. म्हणूनच पुढील पेरणी हवी.

आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो व आपली चूक कबूल केली. पुष्कळ बोलणे झाले. शेवटी अकरा हजार त्या वृद्धेच्या औषधपाण्यास द्यावे व दहा हजार कर्करोग-संशोधनाच्या निधीस पाठवावे, असे दोघांच्या मते ठरले. भुकेल्यास जेवू घालावे आणि बियाणेही राखावे, हा हिशेब नेहमी जुळेलच असे नाही; त्या वृद्धेस आणखी चार हजार लागले, ते आम्हांस अन्यत्र मागावे लागले.

आता चर्चच्या दाराशी दोन डबे आहेत. दुसऱ्यात फार थोडे पडते. परंतु दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक सुतार त्यात काही टाकून जातो, हे आम्ही पाहतो.