सरासरी कुणाची?

‘प्रशिक्षकांचं सरासरी रेटिंग ४.१.’ अहवालात हा आकडा सगळ्यात वर, ठळक अक्षरांत असतो आणि बैठकीत बहुधा तेवढाच वाचला जातो. मला त्याच्या पोटात शिरल्याशिवाय राहवत नाही. सगळे प्रशिक्षक चारच्या आसपास आहेत, की निम्मे पाचाला टेकलेत आणि निम्मे तीनच्या जवळ अडकलेत? ४.१ दोन्हीकडून येऊ शकतो. फरक दिसतो तो आयतालेखात. दहावीच्या सांख्यिकीत शिकलेले वर्ग आणि वारंवारता इथे रोज कामाला येतात.

पण आधी ठरवायला हवं, सरासरी कुणाची? प्रत्येक अभिप्राय-फॉर्मची, प्रशिक्षकाची, की शाखेची? माहिती तीच, चित्रं तीन. फॉर्मवार काढली तर आलेख ऐसपैस पसरतो, प्रशिक्षकवार काढली की आक्रसतो आणि शाखावार काढली की मधोमध गोळा होतो. तो गोळा पाहून ‘सगळीकडे सारखंच चाललंय’ असं म्हणणं धोक्याचं आहे.

पॉवर बीआय या अहवालाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे लोक नेमके इथेच अडतात, कारण सरासरीचं मेजर, म्हणजे निवडीनुसार नव्याने मोजणारं सूत्र, थेट अक्षावर बसत नाही. कॅल्क्युलेटेड कॉलम करून काम भागतं. पण हा कॉलम डेटा रिफ्रेश होताना एकदाच मोजला जातो. पाहणाऱ्याने स्लायसरवर फक्त जून निवडला, तरी सरासरी वर्षभराचीच राहते. म्हणून मी गटांचं वेगळं टेबल करते, ते कशालाच न जोडता ठेवते, आणि कोणत्या गटात किती प्रशिक्षक पडतात हे मेजरला मोजायला लावते. मेहनत जास्त, पण जून निवडला की जूनचंच चित्र दिसतं.

खरी गंमत गटांच्या रुंदीत आहे. समजा फॉर्मवार आलेख काढायचा आहे आणि फॉर्ममध्ये पाच प्रश्न आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. पाचही उत्तरं भरलेली असतील, तर त्या फॉर्मची सरासरी ३.०, ३.२, ३.४ अशी ०.२ च्याच पावलांनी चालते. अधलंमधलं काही येऊच शकत नाही. गट ०.२५ चे ठेवले की तीनपासूनच्या गटात ३.० आणि ३.२ दोन्ही पडतात. पुढच्या तीन गटांत ३.४, ३.६ आणि ३.८ एकेकटे, आणि चारपासूनच्या गटात पुन्हा दोन, ४.० आणि ४.२. आलेखात पूर्ण आकड्यांपाशी उंच खांब उभे राहतात आणि लोक त्यावर तर्क लढवतात. ते खांब उत्तरं देणाऱ्यांनी नाही, आपल्या गटांनी उभे केलेले असतात.

म्हणून पूर्ण भरलेल्या फॉर्मचे गट मी सरासरीवर पाडतच नाही, बेरजेवर पाडते. ३.६ ऐवजी १८. पूर्णांक असल्यामुळे दशांशाच्या शेपटीपायी एखादा फॉर्म शेजारच्या गटात सरकण्याची भीतीही उरत नाही. रेन्सिस लिकर्टने १९३२ साली मांडलेल्या पद्धतीतही अनेक विधानांचे गुण एकत्रच केले जात. उत्तर कोरं सोडलेले फॉर्म मात्र वेगळे काढावे लागतात, आणि ‘लागू नाही’ला शून्य धरलंय का, तेही आधी पाहावं लागतं. एक शून्य चांगल्या फॉर्मला पार खाली ओढतं.

प्रशिक्षकवार आलेखात मी सगळ्यात जास्त वेळ दोन टोकांना देते. तिथे बहुतेक तेच दिसतात ज्यांना मोजकीच उत्तरं आली आहेत. उत्तरं चौपट झाली की योगायोगाने होणारा सरासरीचा चढउतार साधारण निम्म्यावर येतो. चार जणांनी दिलेलं २.५ आणि शंभर जणांनी दिलेलं २.५ एकाच खांबात, एकाच रंगात रंगवणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून कमी उत्तरांचे प्रशिक्षक त्याच खांबात फिक्या रंगात वेगळे दाखवते, आणि उत्तरांची संख्या टूलटिपमध्ये न लपवता खांबावरच छापते. त्याने आलेख थोडा गजबजतो. गजबजू दे, डाव्या टोकाच्या त्या खांबावर बोट ठेवून कुणाला तरी पुढच्या बॅचला बोलवायचं की नाही, हे ठरणार असतं.