सशाच्या लेंड्या

मुलांनो, नाव वाचूनच नाक मुरडू नका हं! पोट दुखतं म्हणून आपण डॉक्टरांकडे जातो, तेव्हा ते काय विचारतात? "शी साफ होते का?" आपण लाजत लाजत का होईना, उत्तर देतो. सशाला मात्र बोलता येत नाही. शिवाय तो पडला भित्रा प्राणी. दुखलं-खुपलं तरी दाखवत नाही, कारण रानात आजारी दिसला की कोल्हा त्यालाच आधी धरणार. मग त्याचं पोट कसं आहे, हे सांगणार कोण? त्याच्या लेंड्या!

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गातल्या एका मुलीकडे पांढराशुभ्र पाळीव ससा आहे, कापूस त्याचं नाव. (रानातला ससा धरून पाळायला कायद्यानं बंदी आहे, बरं का!) एक दिवस ती रडवेल्या चेहऱ्यानं आली. "बाई, कापूस स्वतःची शी खातो. आई म्हणते, असलं घाणेरडं जनावर घरात नको. रविवारी देऊन टाकणार."

आईचं तरी काय चुकलं? पाहणाऱ्याला किळस येणारच. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

सशाला दोन तऱ्हेची शी होते. एक आपल्याला दिसते ती. गोल, कोरडी, जवळजवळ वाटाण्याएवढी. चुरडली तर आत नुसता गवताचा भुसा. दुसरी मऊ, चकचकीत, बारक्या द्राक्षांच्या घोसासारखी. ही तो बहुधा खाली पडूच देत नाही. मान वाकवून तोंड लावतो आणि थेट गिळतो. रात्री किंवा पहाटे हे चालतं, म्हणून आपल्या नजरेला पडत नाही.

असं का? गवत पचवणं सोपं नाही. गाय रवंथ करते, तिच्या पोटाला चार कप्पे असतात. सशाचं पोट साधं, पण लहान आतडं संपतं तिथे त्याला एक मोठी पिशवी असते. तिला आंधळं आतडं म्हणतात. तिथले असंख्य जिवाणू गवत आंबवतात, प्रथिनं आणि ब, के ही जीवनसत्त्वं तयार करतात. पण गंमत अशी, की अन्नरस शोषून घेणारं लहान आतडं तर मागेच राहिलं! मग तो खजिना पुन्हा तोंडातून आत पाठवायचा, दुसरा उपाय नाही.

"म्हणजे मेला रवंथच करतो म्हणायचा!" आई हसल्या. रविवार टळला. पण त्यांनी लेकीला अट घातली, "पिंजरा तू झाडायचास, आणि रोज."

मुलगी हुशार. तिनं एक वहीच केली. मोठा ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. सगळ्या कोण मोजणार? पण कालच्यापेक्षा कमी की जास्त, बारीक की मोठ्या, एवढं ती लिहू लागली. केसांनी माळेसारख्या ओवलेल्या निघाल्या, की समजायचं केस गळताहेत, कंगवा फिरवा. मऊ घोस रोजच तसेच पडून राहिले, तर गोडधोड फार होतंय. अहो, चित्रातला ससा गाजरं खातो, खऱ्याला वाळलं गवत लागतं! गाजर आपलं कधीतरी, एखादा तुकडा.

दिवाळीत पाहुणे आले. कुणी बिस्कीट दिलं, कुणी शंकरपाळं. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं होतं, 'थोड्या, बारीक.' चौथ्या दिवशी सकाळी, 'एकही नाही.' कापूस कोपऱ्यात अंग आखडून बसलेला. कोथिंबिरीलाही तोंड लावेना, दात मात्र करकर खात होता. बाबा म्हणाले, "सणाचं उद्या बघू." ती वही घेऊन धावत माझ्याकडे आली.

उद्यापर्यंत थांबण्यासारखं हे दुखणं नव्हतं. सशाला उलटी करता येत नाही. आतडं थांबलं की आत वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखीच थांबतं. दहा-बारा तास खाणं नाही, लेंडी नाही, की पशुवैद्याकडे पळायचं. घरातलं औषध मुळीच द्यायचं नाही. माणसांना चालणारं अ‍ॅमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेलं, तर त्या उपयोगी जिवाणूंचा नाश होऊन तो दगावू शकतो.

बाबांना वही दाखवली. त्यांनी मुकाट्यानं स्कूटर काढली. डॉक्टरांनी पोट चाचपलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं. घरी आल्यावर गवताचा पातळ लगदा बिनसुईच्या सिरिंजनं थोडा थोडा भरवायचा होता. रात्रभर मायलेकी आळीपाळीनं जागल्या.

सकाळी फोन आला. आईच बोलत होत्या.

"बाई, सात झाल्या! बारीक आहेत, वाकड्यातिकड्या आहेत, पण सात!"

आता त्या घरात पाहुण्यांच्या हातातलं बिस्कीट आई आधी काढून घेतात. आणि लेंड्या? त्या जातात मोगऱ्याच्या कुंडीत. शेणखतासारख्या कुजवाव्या लागत नाहीत, तशाच घातल्या तरी चालतं.