उसना आजार

काचेची नळी टेबलावर हलकेच आपटली की माश्या तळाशी पडतात आणि लगेच काचेवरून वर चढू लागतात. तरुण, निरोगी माशी काही सेकंदांत वरची खूण ओलांडते. आजारी माशी मध्येच थबकते, घसरते, पुन्हा चढू बघते. आमच्या कामातला मोठा वेळ ही चढाई मोजण्यात जातो. आकडा कुणीही मोजेल, पण माशी का रेंगाळली हे ओळखायला सराव लागतो. ती वयामुळे रेंगाळली असेल, खोली गार होती म्हणून असेल, किंवा नळीतल्या मक्याच्या पिठाच्या खाण्यात तिचे पाय चिकटले असतील. हे सगळं वगळून उरलं, तरच म्हणता येतं की आपण तिच्यात घातलेला दोष दिसू लागला. आणि कुठली नळी आजारी माश्यांची हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावं लागतं. ठाऊक असलं की डोळे आपल्याला हवं तेच बघतात.

ही माशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारं चिलट. पेरू-आंब्याला लागणारी फळमाशी वेगळी. २५ अंश तापमानाला तिची नवी पिढी दहा दिवसांत तयार होते. माणसातल्या रोगांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्क्यांचं भावंड तिच्यात सापडतं. संकरासाठी कोऱ्या माद्या लागतात. कोशातून बाहेर आल्यावर आठ तासांच्या आत त्या नरांपासून वेगळ्या काढायच्या असतात, मग ती दिवाळीची पहाट का असेना. कार्बन डायऑक्साइडने गुंगवायचं, बारीक ब्रशने बाजूला सारायचं, चुकून एक नर राहिला तर सगळी नळी फेकायची.

माझं गाव नरसिंहपूर, नीरा-भीमेच्या संगमावरचं. आत्याला हे सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, "माणसाचा आजार चिलटाला होतो होय गं?"

"आपणहून नाही होत, आत्या. आम्ही तो तिच्यात घालतो."

"म्हणजे आपल्या देवासारखंच. अर्धं माणूस, अर्धं जनावर."

तिने सहज म्हटलं, पण या कामातली खरी अडचण मला तिथेच सापडली. चित्रातल्या नरसिंहाची रेघ मानेशी असते, सिंह कुठे संपला ते पोरालाही कळतं. आमच्या प्राण्यात ती रेघ आखलेली नसते. आजार माणसाचा उसना आणला, पण तो सोसणारं शरीर माशीचंच. दिसलेल्या लक्षणातला किती भाग आजाराचा आणि किती त्या शरीराचा, ते शोधण्यात आमची खरी कसोटी लागते. प्राण्याला आजारी पाडणं त्यामानाने सोपं.

पुण्यातलंच काम घ्या. २००४ साली ब्राझीलच्या संशोधकांना एका मोठ्या कुटुंबात एएलएसचा एक प्रकार सापडला. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाणारा हा रोग. दोष एवढाच, की व्हीएपीबी या प्रथिनात ५६व्या जागी प्रोलीनऐवजी सेरीन आलेलं. माशीच्या प्रथिनात हीच जागा ५८वी. पुण्याच्या आयसरमध्ये गिरीश रत्नपारखी यांच्या प्रयोगशाळेने हा दोष माशीत अभ्यासला. दोषी प्रथिनाचे पेशीत गोळे साचतात. २०१९च्या त्यांच्या शोधनिबंधातला निष्कर्ष चकवणारा होता. पेशीवरचा ऑक्सिजनजन्य ताण वाढला की हे गोळे कमी होतात, कारण पेशीची प्रथिनं मोडणारी यंत्रणा त्यांना संपवते. जो ताण आपण शत्रू मानतो, तोच इथे सफाई करून घेत होता.

मग गोळे नाहीसे करणं हाच उपचार का? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रुग्णांच्याच पेशींना मूळपेशींच्या अवस्थेत मागे नेऊन, त्यांतून चेतापेशी वाढवल्या गेल्या. त्यांत दिसलं की हे प्रथिन मुळात कमीच आहे. म्हणजे प्रश्न दोन: साचलेल्याचं काय करायचं, आणि कमी पडलेलं कसं भरायचं? गोळे कसे घडतात-मोडतात हे माशी छान सांगते. माणसाच्या पेशीत तूट किती, हे माणसाच्या पेशीलाच विचारावं लागतं.

हा विवेक सुटला की काय होतं, त्याचा दाखला एएलएसच्याच उंदरांत आहे. मिनोसायक्लिन हे जुनं प्रतिजैविक. २००२च्या सुमारास त्याने या उंदरांचं आयुष्य वाढवल्याचं दिसलं. २००७ साली ४१२ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा औषध घेणाऱ्यांची प्रकृती जास्त वेगाने ढासळली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका संस्थेने ७०हून अधिक औषधांची काटेकोर उजळणी प्रसिद्ध केली. एकाही औषधाचा गुण पक्का ठरला नाही. पूर्वीची बरीच 'यशं' उंदरांची कमी संख्या, नर-मादीतला फरक, एकाच विणीतली पिल्लं यांतून आलेली होती.

उलट उदाहरणही आहे. १६ कोटींच्या इंजेक्शनमुळे घराघरांत माहीत झालेला एसएमए हा बाळांचे स्नायू दुबळे करणारा आजार. माणसात एसएमएन१ हे जनुक बिघडलं तर एसएमएन२ नावाचं दुबळं भावंड थोडंफार काम भागवतं. उंदराला ते भावंडच नाही. त्यामुळे त्याचं एकुलतं जनुक काढलं की पिल्लू गर्भातच मरायचं. २००० साली दोन गटांनी उंदरात माणसाचं एसएमएन२ घातलं. पिल्लं जन्मली आणि बाळांसारखीच आजारी पडली. माणसात आणि उंदरात फरक कुठे आहे ते नेमकं ओळखून तेवढाच बुजवला होता. एसएमएन२ला नीट काम करायला लावणारं नुसिनर्सेन हे औषध अशाच उंदरांमधून पुढे आलं आणि २०१६च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २०१०मध्ये अशाच आजारी पिल्लांना जन्मल्याबरोबर निरोगी जनुक दिलं गेलं. एरवी पंधरा-सोळा दिवस जगणारी ती पिल्लं २५० दिवसांपुढे गेली. ते १६ कोटींचं इंजेक्शन त्याच वाटेने आलं.

'माश्यांवरचा प्रयोग यशस्वी' असं वर्तमानपत्रात छापून आलं की ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो. भावाला एएलएस आहे, औषध कुठे मिळेल? मी त्यांना मिनोसायक्लिनची हकीकत सांगते आणि एसएमएचीही. नुसती पहिली सांगितली तर त्यांची उमेद जाते, आणि नुसती दुसरी सांगितली तर ती फसवणूक होते.