हाताला कळणारे पैसे

आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. दिडकी, अडीचकी, एवढंच काय, साडेतीनची औटकीसुद्धा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. या हिशेबात वाढलेल्या माणसाला अपूर्णांक जिभेवर लागत. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हे पाढे हळूहळू मागे पडले.

आम्ही ऐंशीच्या दशकातली मुलं पैसे बोटांनी शिकलो. पाच पैसे चौकोनी, दहा पैशांची कड नागमोडी, वीस पैसे षटकोनी. खिशात हात घालून, न बघता नाणं ओळखता यायचं. बाकीचं वाण्यानं शिकवलं. पंधरा पैशांच्या गोळ्या घेऊन चार आणे दिले, की तो वजाबाकी करतच नसे. पंधरापासून पुढे मोजायचा, ‘हे वीस, हे पंचवीस,’ आणि एकेक नाणं तळहातावर ठेवायचा. वजाबाकी म्हणजे मधलं अंतर चालून जाणं, हे मला त्या फळीपाशी समजलं. फळ्यावर ते कुणी इतकं स्वच्छ दाखवलं नाही.

३० जून २०११नंतर चार आणेही चलनातून गेले.

माझी मुलगी शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची. पण एका बाजूला पाचाचं नाणं आणि दुसऱ्या बाजूला एकेक रुपयाची चार ठेवली, की चार उचलायची. म्हणणं आणि मोजणं यांत केवढी दरी असते! ‘त्रेसष्ट’ ऐकून ती छत्तीस लिहायची, कारण तीन आधी कानावर पडतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी ‘साठ तीन’ आलं, तेव्हा गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तो बदल समजावून सांगितला होता आणि मला तो मनापासून पटला. दहाच्या सहा नोटा आणि तीन सुटे रुपये मांडले, की मूल तेच तर बोलतं.

फोनवरून दिलेले पैसे मात्र मुलांना संपताना दिसत नाहीत. म्हणून भाजी आणताना पैसे तिच्या हातात देते. मेथीची जुडी पंधराची, नोट वीसची. ती पुटपुटत मोजते. मागचे खोळंबले तर खोळंबोत.

परवा तिनं विचारलं, ‘आई, फोनमधले पैसे कुठे मोजायचे?’ मी पासबुक काढलं. जमा, खर्च, शिल्लक. बोट ठेवून ती एकेक ओळ वाचत गेली आणि बँकेची बेरीज तपासायला तिनं पेन्सिल मागितली.